शेंदूर माझा, बोट साहेबांचं

"दौलतराव, इथं सही करा. नळीला ग्रीस लागलं, एवढंच लिहिलंय. तुम्हाला काही होणार नाही," प्रधान साहेब म्हणाले.

"काही होनारच नाही, तर सही कायले पायजे?" मी म्हटलं.

वणीजवळ राजूरला आमच्या ड्रिलिंग कॅम्पवर, लिंबाखाली हे चाललं होतं. कॅम्पातली एकुलती एक धड खुर्ची साहेबांना दिली होती. शेजारी बाजेवर गावकर मॅडम बसल्या होत्या. दोघंही समुद्राचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेतले, पार किनाऱ्यावरून आलेले. मी उभा होतो. मला बस म्हणून कोणी म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तरी मी बसलो नसतो.

सही केली असती तर काय झालं असतं ते आधी सांगतो. आमच्या खात्यात ज्याच्या नावावर लेखी हलगर्जी लागली, तो रिगवरून खाली उतरला. मग स्टोअरमध्ये नटबोल्ट निवडत बसायचं. रिग म्हणजे कोळसा शोधायला जमिनीत खोल भोक पाडायचं मशीन. त्या भोकातून दगडाची लांब कांडी वर येते, तिला कोअर म्हणतात. ती मोडली की खालची खबर मोडली. कोअर न मोडता वर आणणं हे माझं काम, आणि वणी-राजूरच्या पट्ट्यात ते माझ्यासारखं कोणाला येत नव्हतं. हे मी म्हणत नाही. ज्यांचं माझ्याशी पटत नव्हतं तेही म्हणत होते. शाळा माझी चौथीत सुटली, पण रिगवर मला कोणी शिकवावं अशी वेळ आली नाही.

म्हणूनच मला जहाजावर बोलावणं आलं होतं. दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रात तळाचा गाळ काढायचा होता. तिथंही कोअरच. फक्त दगडाऐवजी गाळाचा. वर भलं मोठं वजन आणि खाली पोकळ नळी, अशी ती वस्तू असते. विंच म्हणजे तार गुंडाळणारं मशीन, त्याच्या तारेनं खाली सोडायची. तळाजवळ गेली की ढील द्यायची. ती स्वतःच्या वजनानं गाळात घुसते. नळीत प्लास्टिकचा पाइप असतो, त्यात गाळ भरतो. तोंडाला धारेचं कडं असतं, त्याला कटर म्हणतात. गाळाला धातू लागला तर तो तिथंच लागणार. विंच चालवायला आणि नळी सांभाळायला मी.

घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "निरा चिखल आनाले जहाजानं चालले? आपल्या वावरात काय कमी हाय?"

तिला कसं सांगणार, तो चिखल निराळा. ध्रुवाजवळ गाव नाही, कारखाना नाही, रस्ता नाही. तिथल्या गाळात शिसं, पारा, कॅडमियम असले जड धातू किती आहेत ते मोजलं की जगाचा धूर कुठवर पोचला ते कळतं. हे धातू थोडेच असले तरी जात नाहीत, साचत राहतात. वरचा गाळ अलीकडचा, खालचा जुना. म्हणजे आधी किती होतं आणि आता किती आहे, दोन्ही एकाच नळीत.

ती कापसाची वाईट वर्षं. भाऊ वावर बघायचा. त्या साली खरेदी केंद्रावरच्या ग्रेडरनं आमच्या गाडीत हात खुपसला, चिमूटभर कापूस बोटांवर ओढला, तोंड वाकडं केलं आणि शेवटची ग्रेड लावली. भाऊ म्हणाला, यापेक्षा घरात राहू दे. तो कापूस खोलीत छतापर्यंत पडून होता. त्यातल्याच कापसाची सरकी काढून एक पोतं मी जहाजावर नेलं. विंचच्या तारेला खाऱ्या पाण्यानं गंज चढतो म्हणून रोज सकाळी ग्रीस लावावं लागतं. ग्रीसचा हात नळीला लागू नये म्हणून प्रत्येक वेळी मी हात त्या कापसानं कोरडे पुसायचो. बाजारातल्या चिंध्यांपेक्षा माझा कापूस स्वच्छ होता.

काम चांगलं झालं. थंडी अशी की विंचचा दांडा हातमोज्यालाही चावायचा. पण एकही कोअर मोडला नाही. जहाजावरचे लोक टाळ्या वाजवायचे. मी वर्षानुवर्षं टाळ्यांशिवाय काम केलेला माणूस, मला उगाच लाजल्यासारखं व्हायचं.

आणि आता साहेब सांगत होते की गाळात शिसं निघालं. थोडंथोडकं नाही.

"बॅटरीच्या कारखान्याच्या नालीत असावं इतकं," साहेब म्हणाले. "ध्रुवावर ते शक्यच नाही. म्हणजे आपल्याकडून लागलं. तुमचं ग्रीस, नाहीतर तो कापूस. कापसावर फवारे मारता ना तुम्ही लोक?"

ग्रीसचं मी ऐकून घेतलं असतं. कापसाचं नाव काढलं आणि माझं डोकं फिरलं.

"साहेब, माह्या कापसाले तिकडं केंद्रावर एकानं डोयानं पाहून नापास केल्लं. आता तुमी बी डोयानंच पाहून राह्यले. तुमच्यापाशी तं मोजाची मशीन हाय म्हन्ते."

"आहे. मग?"

"मंग मोजा. ग्रीस मोजा, कापूस मोजा, माहे हातमोजे मोजा. उरलेलं पोतं अजून घरी हाय. तुमचं मशीन म्हनीन तं मी सही करतो. तुमी म्हन्सान तं नाई करत."

आमचा मेकॅनिक रफिकभाई चहा घेऊन आला होता. तो पेले ठेवता ठेवता हळूच म्हणाला, "दौलतभाऊ, साहब है. थोडा धीरे."

"धीरेच बोलून राह्यलो. जोरात बोललो असतो तं खदानीत ऐकू गेलं असतं."

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. वरच्या लोकांसमोर साहेबांना उत्तर द्यायचं होतं, घाई त्याची होती. मॅडमनी पेला उचलला. त्या म्हणाल्या, "सर, एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकते. पहिल्या कोअरमध्ये शिसं सगळ्यांत जास्त आहे. दुसऱ्यात कमी, तिसऱ्यात आणखी कमी. ग्रीस तर हे रोज लावत होते. मग ते कमी कसं होत जाईल?"

"हात हळूहळू सुधारला असेल," साहेब म्हणाले.

"माहा हात तुमी नोकरीले लागाच्या आंधी सुधारला हाय," मी म्हटलं.

मॅडमना हसू आलं, पण त्यांनी पेल्याआड लपवलं. मग त्या उठल्या आणि पाय मोकळे करायला रिगकडे गेल्या. त्या दिवशी आमचं नवं भोक सुरू व्हायचं होतं. सकाळीच पूजा झाली होती. आमच्याकडे नवं भोक, नवं मशीन, नवी नळी, काहीही असो, नारळ फोडल्याशिवाय आणि शेंदूर लावल्याशिवाय कोणी हात लावत नाही. रफिकभाईसुद्धा नाही. उलट नारळ आणायला उशीर झाला तर तोच आरडाओरडा करतो.

मॅडम रिगच्या दातऱ्यापाशी वाकल्या. दातरा म्हणजे दगड कापणारं तोंड. त्यावर पाच बोटं ओढलेली होती, लालभडक.

"हे काय आहे?"

"शेंदूर," मी म्हटलं. "पूजेचा."

"जहाजावर पण लावला होता?"

"मंग? कोरी नळी होती. तशीच सोडाची का समुद्रात?"

"कुठे लावला होता?"

"जिथं लावतात तिथं. तोंडाले. कटरले."

मॅडम सरळ उभ्या राहिल्या. त्यांनी मागे वळून साहेबांकडे पाहिलं. साहेब पेल्यात पाहत होते. त्यात चहा उरला नव्हता.

आता खरं सांगायचं तर इतका वेळ मला शेंदराची आठवणच आली नव्हती. ग्रीसचा हिशोब मी मनात मांडला, कापसाचा मांडला. देवाचा हिशोब कोण मांडतं? जहाजावर पूजेच्या वेळी साहेब पुढे होते; मॅडम त्या सफरीला नव्हत्या. शेंदराची पुडी माझी, वणीच्या बाजारातून घेतलेली. नारळ मीच फोडला. पण मोठ्या माणसाच्या हातून व्हावं म्हणून शेंदूर साहेबांनी लावला. पाच बोटं, चांगली दाबून. फोटोही काढून घेतला.

"सर," मॅडम म्हणाल्या, "शेंदूर म्हणजे शिसंच असतं बहुतेक. शिश्याचीच लाल भुकटी."

साहेब म्हणाले, "अहो, पण पहिल्या फेरीतच समुद्राच्या पाण्यानं धुऊन गेला असेल."

इथं मी गप्प बसलो असतो तर पुडी कोणाची हे कोणी विचारलंही नसतं. पण मला गप्प बसता येत नाही, हा माझा जुना आजार आहे.

"साहेब, थो तेलात कालवलेला शेंदूर होता. आमच्या गावचा मारोती दरसाल सारा पावसाया उघड्यावर उभा राह्यते. त्याचा कदी धुतला गेला?"

"पण शेंदूर तुम्ही आणला होता ना, दौलतराव?"

"हो. शेंदूर माहा. बोट तुमचं."

रफिकभाई पेले गोळा करायचं सोडून तिथंच उभा राहिला. साहेबांनी कागदाची घडी घातली आणि बॅगेत ठेवली. रागावले की शरमले, मला कळलं नाही. मोठ्या माणसांचं दोन्ही एकसारखंच दिसतं.

मॅडमनी प्लास्टिकच्या पिशव्या काढल्या. एकीत ग्रीस घेतलं. एकीत त्याच पुडीतला उरलेला शेंदूर. मग जीप माझ्या घरापुढे थांबवली आणि पोत्यातून कापूस घेतला. बायको दारात उभी होती. तिनं विचारलं, "काय भाव लावता बाई?"

"भाव नाही लावत हो, तपासायला नेते."

"मंग जपून पाहा. आमच्या कापसाले जो पाह्यते थो नावच ठेवते."

निकाल यायला बरेच दिवस गेले. तेवढे दिवस मी रिगवरच होतो, पण कॅम्पच्या इन्चार्जनं मला नव्या भोकाचं काम दिलं नाही. जुन्या मशीनची दुरुस्ती दिली. मी तीच हातात घेतली. दुरुस्ती अशी केली की नंतर त्याला नाव ठेवायला जागा राहिली नाही.

मग एक दिवस कॅम्पच्या फोनवर मॅडमचा आवाज आला. इन्चार्जनं फोन माझ्या हातात दिला आणि स्वतः तिथंच उभा राहिला.

"दौलतराव, शेंदूर मशीनवर लावला तर आकडा इतका वर गेला की मशीन बंद करून धुवावं लागलं. शिसं त्याचंच होतं, दर फेरीला गाळानं घासून कमी होत गेलं. तुमच्या ग्रीसमध्ये थोडं जस्त आहे, पण ते गाळात सापडलेलं नाही."

"आन् गाळ? सारा वाया गेला का?"

"नाही. शेंदूर फक्त कडेला लागला होता. पहिल्यांदा आम्ही घाईत कडेचा गाळही घेतला. आता कड खरवडून टाकली, मधलाच घेतला. आता आकडे नीट आले. अगदी थोडं शिसं आहे, पण आहे. जुन्यापेक्षा वरच्या थरात थोडं जास्त."

म्हणजे जिथं माणूस राहत नाही तिथंही आपला धूर पोचलेला होता. शेंदूर नसता तरी. ते ऐकून मला बरं वाटलं नाही. कोअर सलामत निघाला म्हणून बरं वाटलं.

"आन् कापूस?"

"कापूस एकदम स्वच्छ. काही नाही त्यात."

"लिहून द्या, मॅडम."

"कशाला हो? तुमच्यावर आता काही आरोप नाही."

"आरोपासाठी नाही. कापसासाठी पायजे."

त्यांनी खरंच लिहून पाठवलं, शिक्क्यासकट, इंग्रजीत. पुढच्या हंगामात तोच कापूस घेऊन भावाबरोबर मी खरेदी केंद्रावर गेलो आणि तो कागद ग्रेडरपुढे धरला. त्यानं उलटासुलटा करून पाहिला.

"यात शिसं नाही असं लिहून हाय," तो म्हणाला. "बराबर हाय. पन कवडी हाय ना, काका." कवडी म्हणजे डागी, पूर्ण न उमललेला कापूस. आणि त्यानं तीच ग्रेड लावली.

मी कागद घडी करून खिशात ठेवला. त्या साली आमचा कापूस एकाच ठिकाणी पास झाला, आणि ते ठिकाण कापूस विकत घेत नव्हतं.

साहेबांनी माझी माफी मागितली नाही. मी मागायला लावलीही नाही. पण पुढच्या सफरीच्या यादीत माझं नाव त्यांनीच घातलं, आणि नव्या भोकाचं कामही इन्चार्जनं परत माझ्याकडे दिलं. त्या सफरीत जहाजावर नवी नळी आली तेव्हा सगळे माझ्याकडे पाहायला लागले. आता पूजा होणार की नाही?

मी म्हटलं, "पूजा तं होनारच. मी हाय तोवर बिनापूजेची नळी पान्यात जानार नाई."

पूजा झाली. नारळ जहाजाच्या पार मागच्या टोकाला फोडला. शेंदूर तिथल्याच एका खांबाला लावला, नळीपासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब. बोट याही वेळी साहेबांचंच होतं. त्यानंतर ते बराच वेळ साबणानं हात धूत होते आणि मॅडम मागे उभं राहून पाहत होत्या.

माझ्या हाताखाली पुढं जे पोट्टे तयार झाले त्यांना मी एवढंच सांगत आलो. कोणी म्हटलं तुझ्या हातानं बिघडलं, तर भांडू नका आणि कबूलही करू नका. मोजा म्हणा. पण मग सगळ्यांचंच मोजायला लावा, देवाचं आणि साहेबाचंही.