‘अहो’चं बटण

आमच्याकडे येताना काका आपला मोबाइल बाहेर चपलांच्या स्टँडवर ठेवायचे. मग दारात उभं राहून दोन्ही हातांनी शर्टाचे, पँटचे खिसे चाचपायचे आणि म्हणायचे, “आत काही नाही.” हे ते कोणाला सांगत, कोण जाणे. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात त्यांचा जन्म गेला. तिथे गेटवर काडेपेटी, विडी आणि पुढेपुढे मोबाइल काढून ठेवल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नसे. निवृत्तीला बरीच वर्षं झाली होती, तरी त्यांच्या लेखी प्रत्येक दार कारखान्याचंच. नोकरी सुटली पण नोकरीची सवय सुटली नाही, असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आता आमच्या स्टँडवर नुसत्या चपला असतात, आणि बेल वाजली की मी अजूनही क्षणभर त्या वाक्याची वाट बघते.

आणि हा माणूस माझ्याकडे यायचा कशासाठी, तर मोबाइलचं ऍप बनवायला शिकायला.

ते आमच्या खालच्या मजल्यावर राहत. मी येरवड्याच्या एका कंपनीत मोबाइल ऍप बनवते आणि निम्मा आठवडा घरूनच काम करते. इमारतीत हे कळल्यापासून वाय-फाय, प्रिंटर, कोणाचा विसरलेला पासवर्ड, सगळं माझ्या दारात येतं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर एकदा गिझरबद्दलही विचारलं होतं. त्यांना मी काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही. त्यामुळे काका पहिल्यांदा आले तेव्हा मी जरा आखडूनच विचारलं, “बोला काका, तुमचं काय बंद पडलंय?”

“काकूचं बोलणं,” ते म्हणाले.

मी खजील झाले. काकूंना अर्धांगाचा झटका येऊन गेल्याचं सगळ्यांना माहीत होतं. त्या हळूहळू उठून बसायला लागल्या, काठी घेऊन चार पावलं टाकायलाही लागल्या, पण वाचा गेली ती गेलीच. बोललेलं सगळं त्यांना कळायचं. तोंडातून मात्र शब्द यायचा नाही. आणि ही बाई कोण, तर जिची “अहो!” अशी हाक पहिल्या मजल्यावरून थेट पार्किंगमध्ये पोचायची, आणि स्कूटर पुसणारे काका फडकं टाकून “ओ!” म्हणत जिना चढायचे.

अशा माणसांसाठी तयार ऍप मिळतात. त्यातलं एक मी त्यांच्या फोनमध्ये टाकून दिलं. पेल्याचं चित्र दाबलं की फोनमधली बाई म्हणायची, “मला पाणी हवे आहे.” काकूंनी ते एकदा ऐकलं आणि मान फिरवली.

“आमच्या घरी असं कोणीच नाही बोलत, बेटा,” काका म्हणाले. मूळ भंडाऱ्याकडचे दोघं. खडकीत हयात गेली, पण बोली तीच. “ती म्हणते, ‘अहो, पाणी आणजा.’ तसं करता येते का?”

मी म्हटलं, सहज येतं, रविवारी करून देते. तर ते म्हणाले, “तू देशील करून. पण परवा तिले नवीन काही म्हणाचं असलं तर? तिच्या एकेका शब्दासाठी मी तुझी बेल वाजवू? मले शिकव.”

मी विचारलं, “काका, एवढा खटाटोप कशाला? खुणा तर तुम्हाला कळतातच त्यांच्या.”

“पाणी ती बोटानंही मागते न,” ते म्हणाले. “पण ‘अहो’ कोणत्या बोटानं म्हणन, सांग.”

मी लॅपटॉप मिटला आणि त्यांच्याबरोबर खाली गेले.

खाली त्यांच्या मुलीचा कॉलेजच्या काळातला कॉम्प्युटर होता. ती लग्नानंतर नागपूरला नोकरी करते. कॉम्प्युटरवर क्रोशाचं विणलेलं झाकण होतं आणि आत धूळ. ऍप बनवायचं सॉफ्टवेअर भलं मोठं असतं. ते उतरवून घ्यायला लावलं आणि पडद्यावरची निळी पट्टी सरकेना. मी म्हटलं, काका, याला वेळ लागेल, तुम्ही तुमची कामं करा. ते खुर्चीवरून हलले नाहीत. दूध चुलीवर ठेवल्यासारखे पट्टीवर नजर ठेवून बसले. काकू पलंगावरून त्यांच्याकडे बघत बसल्या. घरात नुसता पंख्याचा आवाज, आणि तिघांपैकी कोणालाच घाई नव्हती. आज कंपनीत नव्या मुलाला असाच कॉम्प्युटर लावून देताना सगळं पाच मिनिटांत उरकतं, आणि मला ती संथ पट्टी हवीशी वाटते.

काकांची आणखी एक सवय. पडद्यावर चूक दाखवणारी लाल अक्षरं आली की ते कीबोर्डवरचे हात काढून, खुर्ची मागे सारून भिंतीपाशी जाऊन उभे राहायचे.

“लाल दिसलं का हात काढाचा. पहिले थंड होऊ दे.”

“अहो काका, हे उडत नाही!”

“आम्हालेही तसंच सांगत होते,” ते शांतपणे म्हणायचे.

त्यांना हसावं की त्यांच्या पाया पडावं हे मला कळायचं नाही. मी हसायचे.

कॉम्प्युटरच्या आतच एक खोटा फोन पडद्यावर चालवून ऍप तपासता येतं. तो सुरू केला तर त्या म्हाताऱ्या यंत्राचा पंखा असा घोंघावायला लागला की काकू घाबरून काठी शोधू लागल्या. मग खराच फोन जोडायचं ठरलं. खरा फोन कुठे? आपल्याच घरातही सवयीनं बाहेर चपलांशेजारी. तो आत आणला. त्यात ऍप बनवणाऱ्यांसाठीची सोय चालू करायची, तर फोनच्या माहितीच्या पानावर एका ओळीवर टकटक करत राहावं लागतं. काका दाराची कडी वाजवावी तसे वाजवत राहिले, आणि पडद्यावर अक्षरं आली, ‘तुम्ही आता डेव्हलपर आहात.’

“ऐकलं का,” ते काकूंना म्हणाले, “मी डेव्हलपर झालो!”

ही बातमी त्यांनी जिन्यातही सांगितली. सेक्रेटरी म्हणाले, “मग आधी आमच्या पार्किंगचं बघा.” पुण्यात डेव्हलपर म्हटलं की माणसाला बिल्डरशिवाय दुसरं काय आठवणार.

तरी फोन जोडला जाईना. पूर्ण संध्याकाळ मी सेटिंग उलटीपालटी केली. शेवटी कळलं, केबल फक्त चार्जिंगची होती. काका तसेच उठून बाजारात गेले आणि नवी केबल घेऊन आले. मग त्यांच्या फोनवर त्यांचं पहिलं ऍप उघडलं. पांढऱ्या पडद्यावर नुसतं एक राखाडी बटण. दाबलं तर काहीच होत नव्हतं. काका ते पुन्हा पुन्हा दाबत होते आणि माझ्याकडे बघत होते. एवढा आनंदी माणूस मी आमच्या कंपनीत अजून पाहिलेला नाही.

बटणांवर चित्रं त्यांनी घरातलीच घातली. स्वतःचाच तांब्या, स्वतःचाच टीव्ही, गॅलरीतली खुर्ची. ‘अहो’च्या बटणावर कसला फोटो लावायचा यावर बराच विचार झाला. अखेर कारखान्याच्या ओळखपत्रावरचा त्यांचा कडक चेहरा तिथे बसला.

राहिला आवाज. मुलीला सांगितलं, तर ती फोनवरच रडायला लागली आणि तिच्याच्यानं पुढे काही होईना. म्हणून मी म्हटलं, मी बोलते. त्यांच्याकडचा ढंग जमेल तसा आणून मी “अहो, पाणी आणजा” भरून दिलं. काकूंनी बटण दाबलं. फोनमधून एक तरुण बाई त्यांच्या नवऱ्याला “अहो” म्हणाली. काकूंनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग काकांकडे, आणि फोन उशीवर पालथा घातला. तुम्हीच सांगा, कोणत्या बाईला चाललं असतं?

“जाऊ दे, मीच बोलतो,” काका म्हणाले. मला त्यांनी खिडकीकडे तोंड करून बसायला सांगितलं. पाठीमागे बराच वेळ खाकरणं चाललं होतं. मग एक जाड, लाजलेला आवाज आला, “अहो…” आणि थोड्या वेळानं, “अहो, पाणी आणजा.”

काकूंनी ते दाबलं मात्र, काकूंच्या हातातून काका स्वतःलाच हाक मारू लागले! काकू आधी थबकल्या आणि मग हसायला लागल्या. आजारानंतर त्यांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं. अर्धाच चेहरा हसत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि डावा हात बटण सोडत नव्हता. “अहो… अहो… अहो…” काका प्रत्येक हाकेला “ओ” देत होते. चौथ्या-पाचव्या “ओ”ला त्यांचा आवाज फुटला. मी पुन्हा खिडकीकडे तोंड केलं.

त्यानंतरचे दिवस आमच्या इमारतीचे सगळ्यात चांगले दिवस होते असं मला वाटतं. फोन काकूंच्या गळ्यातल्या पिशवीत गेला. काका एकेक बटण वाढवत राहिले. “जेवले का?” “आवाज कमी करा न टीव्हीचा.” काकूंनी हातवारे करून एक बटण मागून घेतलं, ते म्हणजे “काही समजते का तुम्हाले?” त्याचा वापर सगळ्यात जास्त व्हायचा. जिन्यातून जाताना ऐकू यायचं, “काही समजते का तुम्हाले?” आणि त्याच आवाजात उत्तर, “काऊन, आता काय झालं?” नवे भाडेकरू दचकायचे. सेक्रेटरी त्यांना सांगायचे, “काही नाही, काका एकटेच दोघांचं भांडण करतायत.”

असं वर्षभर चाललं असेल. मग एका सकाळी काका भाजी आणायला गेले आणि बसस्टॉपच्या बाकावर बसले ते उठले नाहीत. लोकांनी दवाखान्यात नेलं, पण उपयोग झाला नाही.

मुलगी नागपूरहून आली. दिवस झाल्यावर आईला घेऊन जायचं तिनं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी मी भेटायला गेले. काकू गॅलरीतल्या खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर फोन. मुलीनं मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच विचारलं, “ताई, यातला बाबांचा आवाज बदलता येईल का? मी बोलीन आता. आईला रोज हे ऐकून किती त्रास होत असेल.”

मी म्हटलं, येईल, पण त्यांना विचारायला हवं. आम्ही बाहेर आलो. मुलीनं आईपुढे बसून सगळं समजावून सांगितलं. काकूंनी नीट ऐकून घेतलं. मग फोन उचलून पदराखाली घेतला आणि डाव्या हातानं घट्ट धरून ठेवला. मुलगी पुन्हा आत भांडी बांधायला गेली.

मी काकूंजवळ बसून राहिले. मला काका हवे होते. दुसरं काही मनात येत नव्हतं. थोड्या वेळानं काकूंनी फोन पदराबाहेर काढला, अंगठ्यानं शोधलं आणि दाबलं.

“अहो, पाणी आणजा,” काका म्हणाले.

“आणते, बाबा,” आतून मुलगी म्हणाली, आणि मग पाणी घेऊन बाहेर यायला तिला बराच वेळ लागला.