कुठलाही आकडा घाला, मास्तर!

आता हसणार नसाल तर सांगतो. अख्ख्या वाडीच्या खोड्या काढून म्हातारा झालेला हा सातवी पास माणूस बीजगणितात कसा आपटला, ते ऐका!

नात सई नववीत. पडवीत अभ्यास करता करता मला शिकवायला लागली.

"आजोबा, नुसतं क्ष अधिक तीन ही राशी. मधे बरोबरचं चिन्ह आलं की समीकरण, ते ठरावीक आकड्यांनाच खरं होतं. आणि कुठलाही आकडा घातला तरी खरंच राहतं, ती नित्यसमानता."

झालं! शेजारच्या निवृत्त गणितमास्तरांची खेचायला हत्यार मिळालं. पुस्तकातलं त्यांना पाठ असणार, म्हणून मी स्वतःची नित्यसमानता बनवली. क्ष अधिक क्ष बरोबर क्ष गुणिले क्ष! दोन घालून पाहिले. चार आणि चार! माणूस मी पक्का, खात्रीसाठी शून्यही घातलं. शून्य आणि शून्य! आणखी काय पुरावा हवा?

सकाळी चहाच्या टपरीवर खडूने फळीवर लिहिलं. "मास्तर, कुठलाही आकडा घाला. खोटं ठरलं तर यंदा शिमग्यात संकासुर तुम्ही!"

चहा सोडून सगळे फळीभोवती जमले. संकासुर म्हणजे काळा झगा, उंच टोपी आणि घरोघर जाऊन वाट्टेल त्याची टर उडवायचा हक्क. तीस वर्षं तो मान माझा. वर्षभर मी जगतो कशासाठी हो?

"दोन!" टपरीवाला बाबू ओरडला. चार-चार! टाळ्या!

मासेवाली शेवंता टोपली टेकवत म्हणाली, "माजं शून्य घाल. आज तेवडेच बांगडे गावलेत."

शून्य-शून्य! मी मिशीला पीळ दिला.

मास्तरांनी बशीतला चहा सावकाश संपवला. "तीन घाला."

"घातले! तीन नि तीन सहा. आणि तीन त्रिक…"

"नऊ," शेवंता म्हणाली.

"परत मोज गो!"

"किती येळा मोजू, मेल्या? नऊच!"

मास्तर उठले. "समीकरण आहे हे. दोन आणि शून्य, दोघांनाच खरं. झगा धुऊन पाठवा."

शिमग्यात संकासुर पहिला आमच्याच अंगणात! "इथे कोण मोठा गणिती राहतो म्हणे? बाहेर काढा त्याला!" वाडी लोटपोट. मीही हसलो. खोटं कशाला बोलू, सोंग झकास वठवलं मास्तरांनी.

तेवढ्यात आमची ही दारातून विचारते, "सई, काहीही घातलं तरी खरंच राहतं, त्याला काय म्हणतात गो?"

"नित्यसमानता, आजी."

"हां, तीच. तुझ्या आजोबांना कुठल्याही कामाला घाल, फजिती ठरलेली!"