बिन महमूदमधलं जॉर्जियन जेवण

परदेशात दहा वर्षं काढली की किस्से जुन्या चार्जरसारखे साठत जातात. कुठला कधीचा ते आठवत नाही, पण टाकवतही नाहीत. आमचे बरेचसे किस्से एकाच जागेचे आहेत. दोह्यात बिन महमूदच्या एका गल्लीत सहा टेबलांचं जॉर्जियन रेस्टॉरंट आहे. नीनो स्वयंपाक करते, तिचा नवरा गिया वाढतो. लुसैलच्या ऑफिसातले आम्ही तिघं, मी, कुलकर्णी आणि देशमुख, दर शुक्रवारी दुपारी तिथे जेवतो.

पहिल्यांदा गेलो ते केवळ अल मन्सूरातल्या नेहमीच्या हॉटेलात रांग होती म्हणून. मेन्यू न उघडताच कुलकर्णीने व्हेज बर्गर मागितला.

गिया शांतपणे म्हणाला, "सर, बर्गरवालं जॉर्जिया अमेरिकेत. आम्ही दुसरे."

* * *

त्यांची खिंकाली हुबेहूब उकडीच्या मोदकासारखी दिसते. आत गोड सारण नसतं, गरम रस्सा असतो. हे कुलकर्णीला मशरूमच्या खिंकालीतला रस्सा शर्टावर सांडल्यावर कळलं. नीनो आतून आली, शेजारी खुर्ची ओढून बसली आणि तिने त्याला शिकवलं: शेंडी धर, छोटा घास घे, आधी रस्सा पी, शेंडी ताटात ठेव.

हा कट्टर शाकाहारी आहे हेही तिने तेव्हाच विचारून घेतलं. पुढच्या शुक्रवारी त्याच्या मशरूमच्या खिंकालीसाठी वेगळं पातेलं होतं, दांड्याला हिरवा दोरा बांधलेलं.

कुलकर्णी बराच वेळ त्या दोऱ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माझ्या सख्ख्या मेव्हण्याकडे माझं वेगळं पातेलं नाही रे."

* * *

नीनोची लेक काउंटरवर बसून होमवर्क करायची आणि गियाला "मामा" म्हणायची. तोवर त्यांचं नातं आम्हाला माहीत नव्हतं; समजलो, हा नीनोचा भाऊ. आपुलकी वाटून आम्हीही त्याला "गियामामा" म्हणू लागलो. तो दर वेळी जरा दचकायचा, पण हसायचा.

महिन्याभराने त्या पोरीनेच सांगितलं, जॉर्जियन भाषेत मामा म्हणजे वडील.

* * *

एकदा माझ्या बायकोने, मंजिरीने, आमच्या नाशिककडचा डबाभर ठेचा पाठवला. नीनोने चमच्याच्या टोकावर घेऊन चाखला, डोळे पुसले आणि दुसरा चमचा घेतला. त्यांच्याकडे अजिका नावाची अशीच मिरचीची चटणी असते. आठवड्याभरात मेन्यूवर पेनने लिहिलेलं दिसलं: नाशिक अजिका.

शेजारच्या टेबलावरच्या कुणीतरी विचारलं, "नाशिक कुठे आलं?"

गिया म्हणाला, "डोंगरात. आमच्या गावाच्या पलीकडे."

* * *

देशमुखचे वडील परभणीला अचानक गेले. इकडे त्याच्या बायकोचे दिवस भरत आलेले, तिला एकटीला सोडून जाता येईना. अंत्यसंस्कार त्याने मोबाइलवर पाहिले. ऑफिसला येत राहिला, पण डबा तसाच परत न्यायचा. तेराव्या दिवशी नेमका शुक्रवार आला. आम्ही त्याला जवळजवळ ओढतच तिथे नेलं.

पानं वाढली. तो नुसता बसून होता. गियाने मला बाजूला घेऊन विचारलं, मी सांगितलं.

त्याने आत जाऊन नीनोला बोलावून आणलं. त्या दिवशी एक मोठं जॉर्जियन कुटुंबही जेवायला आलं होतं. त्यांच्याशी तो दोन वाक्यं बोलला. मग, गेलेल्या माणसाच्या नावाने ग्लास उचलायच्या त्यांच्या रीतीप्रमाणे, सगळ्यांच्या ग्लासांत त्यांचं ते बडीशेपेच्या वासाचं हिरवं सरबत ओतलं आणि देशमुखसमोर येऊन उभा राहिला.

"वडिलांचं नाव?"

"दत्तात्रय."

"दत्ता... दत्राय..."

"दत्तात्रय," देशमुख सावकाश म्हणाला.

गियाने डोळे मिटून दोनदा पुटपुटून पाहिलं. मग ग्लास उंच धरून स्पष्ट म्हणाला, "दत्तात्रय."

खुर्च्या सरकल्या. ते अख्खं कुटुंब उभं राहिलं, त्यांच्यातली काठी टेकणारी आजीसुद्धा. आम्ही उठलो. नीनो ओल्या हातांनी दारात उभी होती. सगळ्यांनी आपापल्या उच्चारात ते नाव घेतलं.

देशमुख सगळ्यात शेवटी उभा राहिला. त्यानेही नाव घेतलं, सरबत पूर्ण संपवलं.

मग खाली बसला, ताट जवळ ओढलं आणि म्हणाला, "भूक लागलीय रे."