जर्मनी सोडून सगळे देश

काकांनी काउंटरवर वही आपटायची आणि म्हणायचं, "पाह्य, कोरिया कुठं अन् तुयं नेट कुठं!" दारव्ह्यातल्या आमच्या इंटरनेटच्या दुकानात दर सोमवारी ही सलामी झडायची. असं एखादं गिऱ्हाईक तुमच्याही नशिबी असेल. नसेल तर सुखी आहात.

त्यांचा उभा जन्म बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून गेलेला. त्यामुळे वहीत देशांचं वेळापत्रकच आखलेलं: देश, नेटचा वेग, महिन्याचे पैसे आणि शेवटच्या रकान्यात भरवसा. तिथे शेरे तीनच: 'वेळेवर', 'उशिरा', 'रद्द'. कोरिया वेळेवर. रुमानिया स्वस्त आणि वेळेवर. अमेरिका महाग, पण वेळेवर. आमच्या नावापुढे कायम 'रद्द'. ते येताना दिसले की आम्ही एकमेकांना कोपर मारून हसू दाबायचो.

बायको गेल्यापासून ते घरात एकटे. मुलगा जर्मनीत. रविवारी दुपारी दोनला त्याचा व्हिडिओ कॉल यायचा आणि दोन मिनिटांत आटपायचा. "बाबा, तुमच्याकडचं नेट खराब आहे, चेहरा अडकतो. नंतर करतो." म्हणून सोमवारी आमची हजेरी. मी तार बदलली, राउटर बदलला. तरी 'रद्द'च.

एका सोमवारी माझं डोकं तापलेलं होतं. चार लोकांसमोर मी त्यांची वही ओढली.

"काका, एवढे देश लिहिले. जर्मनी कुठंय?"

"राह्यलं लिहाचं."

"मी लिहितो ना." मोबाइलवर शोधून त्यांच्या नाकासमोर धरलं. तिथलं नेट आमच्यापेक्षा हळू आणि कितीतरी महाग. "अन् तुमच्या शेजारच्या ताईची पोरगी त्याच जर्मनीतून रोज तासभर बोलते. तार तुमच्याच खांबावरची हाय, एकदा नाही अडकत. नेट चांगलं हाय, काका. पोराले तुमच्याशी बोलाचंच नाही."

दुकान हसलं. मीही हसलो.

त्यांनी वही सावकाश मिटली. "मले माहीत हाय, भाऊ. पन तू काहून सांगतलं?"

पुढचे सोमवार ते आले नाहीत. खोटं कशाला सांगू, पीडा टळली म्हणून मला बरंच वाटलं. मग आमच्या कॉम्प्युटरवर दिसायला लागलं की त्यांची लाइन दर रविवारी पावणेदोनला बंद पडते आणि चार वाजता आपोआप सुरू होते. आता ते या जगात नाहीत, पण तिसऱ्या रविवारी मी ती लाइन दुरुस्त करायला गेलो, ती दुपार काही माझ्या मनातून जात नाही.

दार उघडंच होतं. इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून ते खुर्चीत बसले होते. मुलाने पाठवलेला टॅब समोर तांब्याला टेकवून उभा केलेला. आणि राउटरची पिन भिंतीतून काढून मांडीवर घेतलेली.

मला माझ्या जिभेची लाज वाटली. मी विचारलं, "काका, पिन लावून देऊ?"

त्यांनी पिनेवर हात ठेवला.

"नको लावू, बावा. लाइन चालू असली अन् त्याचा फोन नाही आला, तं मंग मी काय करू?"