वडप्याचा कॉम्प्युटर, भिवंडीचा लॅपटॉप

प्लॅस्टिकच्या पिशव्या घरात मुद्दाम कुणी जमवत नाही, तरी दारामागे त्यांचा गठ्ठा होतोच. लाज आणणाऱ्या किश्श्यांचंही तसंच! माझे तर सगळे एकाच कॉम्प्युटरमुळे जमलेत.

लग्नाआधी पगारातून मी गेमिंगचा भलामोठा कॉम्प्युटर घेतला होता. नवरी सासरी धूड घेऊन आली तर कसं दिसेल, म्हणून तो वडप्याला माहेरीच राहिला. मग एकदा युक्ती सुचली. कॉम्प्युटरला माहेरच्या वायफायच्या डब्याची वायर लावली, दोन्हीकडे एक ॲप टाकलं. आता गेम चालणार वडप्यात, खेळणार मी सासरी भिवंडीत, साध्या लॅपटॉपवर! आईला बजावलं, "याचं बटण बंद करायचं नाही."

आईने बटण बंद केलं नाही. पण ऐन रेसमध्ये चित्र थिजायला लागलं. फोन केला तर म्हणाली, "मागनं मस्त गरम वारा येतो गं! पापड वाळत घातलेत. उलटताना वायर हलली आसंल."

जिच्या कॉम्प्युटरचा मैत्रिणींना हेवा वाटायचा, ती मी! आणि माझ्या ग्राफिक्स कार्डावर उडदाचे पापड!

*

मी वळ गावात एका गोदामाच्या ऑफिसात बिलिंग करते. आठवड्यातून दोन दिवस घरून. त्यामुळे लॅपटॉप उघडला की सासूबाईंच्या लेखी ऑफिस सुरू. मीही कधी खुलासा केला नाही.

एकदा हेडफोन लावून खेळताना मी ओरडले, "मर ना मेल्या, किती गोळ्या खाशील!"

स्वयंपाकघरातून आवाज आला, "कोण गं?"

"एक ड्रायव्हर. त्याला... बरं नाहीये."

सासूबाई बाहेर आल्या. "आजारी माणसाशी असं बोलतात का? सॉरी म्हण त्याला."

मी लॅपटॉपला सॉरी म्हटलं. त्या समोर उभ्याच होत्या!

*

पुढचं सांगताना मात्र हसू येत नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात. तरी माझा लॅपटॉप उघडा दिसला की ओट्याशी त्याच उभ्या राहायच्या. एकदा शेजारच्या शेखभाभी आल्या होत्या. त्यांना म्हणाल्या, "बहू को बहुत काम रहता है. जेवायलाही उठत नाही बिचारी."

आणि गरम भाकरी माझ्या हातात आणून दिली. स्क्रीनवर मी एका झोपडीला आग लावत होते. मान खाली घालून खाल्ली.

*

मग एके दिवशी आईचा फोन. "वैशू, काल सारखी भिंतीवर का गाडी घालत व्हतीस?"

"तुला कसं कळलं?"

"टीव्हीवर दिसतं ना!"

टीव्ही म्हणजे कॉम्प्युटरचा मॉनिटर. मी इथे जे जे खेळायचे, ते सगळं तिथे दिसत होतं. आई आणि शेजारची कुसुमकाकी रोज शेंगा सोलत बघायच्या!

"आई, तो स्क्रीन बंद कर आधी!"

"मंग आमी काय बगायचं? कुसुम ईल आता. तिला काय सांगू, न्हाय म्हनून?"

"पण करशील ना?"

"बरं बाई, करीन."

*

गेल्या महिन्यात सासूबाई लोणच्याची बरणी घेऊन वडप्याला निघाल्या. "चल, आईला भेटशील."

"नको, फार काम आहे," मी म्हणाले.

दार लागलं आणि मी लॅपटॉप उघडला. आईने 'करीन' म्हटलं होतं, त्यामुळे निर्धास्त होते. मध्ये दोनदा तिचा फोन आला, तो कापला. दोन तास खेळले. मग भांडी आठवली, तशी खेळ चालूच ठेवून उठले.

संध्याकाळी सासूबाई परतल्या. पाय धुतले, पदराला हात पुसत माझ्यासमोर येऊन बसल्या.

"झालं काम?"

"हो... आत्ताच संपलं."

"मग त्या घोड्याला असं पावसात उभं करून कशी उठलीस गं?"