हात कुठे तुटला

मजुराला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, हात कुठे तुटला? मी म्हणालो, याच्या घरी, कडबा कुट्टीच्या यंत्रात. ते खोटं होतं. हात माझ्या शेतात, माझ्या मळणी यंत्रात गेला होता. मजूर शुद्धीवर नव्हता, म्हणून माझंच वाक्य कागदावर चढलं.

त्या दिवशी सोयाबीन ओलसर होतं आणि यंत्र सारखं चोंदत होतं. हात आत जाऊ नये म्हणून तोंडावर बसवलेला पत्रा काढला की माल भराभर आत जातो. मालेगावकडे आम्ही सगळेच काढतो. मी तो काढायला लावला आणि वर मजुरावर ओरडलो, ‘‘काहून झोपून राह्यला बे? चालव हात.’’

मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा तो मजूर माझ्याच वयाचा. आत सारलेल्या पुढच्याच कवळ्याबरोबर त्याचा हात कोपरापर्यंत ओढला गेला. हाडं फुटताना ऐकू आली. यंत्राच्या दुसऱ्या तोंडातून उडणारं भुशाचं कुटार लाल झालं आणि माझ्या चेहऱ्यावर चिकटलं. मी ट्रॅक्टर बंद करेपर्यंत त्याने यंत्राला पाय लावून स्वतःच हात उपसला. बाहेर आलं त्याला हात म्हणता येत नव्हतं.

माझ्या वडिलांच्या काळात कोणाचा हातपाय गेला की मालक पोतंभर ज्वारी पोचवायचा आणि बोलणं संपायचं. मीही पोतं पाठवलं. त्याच्या भावाने ते परत आणून माझ्या अंगणात फोडलं आणि मला काठीने झोडपलं. म्हणाला, ‘‘जवारी कायले देतं? खरं सांग लोकाईले.’’ माझं मनगट मोडलं. दोन महिन्यांत ते जुळून आलं.

पुढे त्यांनी भरपाईचा दावा लावला. आता कायदा मालकाला पोत्यावर सोडत नाही. पण माझ्या वकिलाने दवाखान्याचा कागद पुढे केला: घरी, कडबा कुट्टीत. त्या एका वाक्यावर दावा बुडणार, हे सगळ्यांना दिसत होतं. तो दर तारखेला रिकामी बाही खिशात खोचून यायचा आणि माझ्याकडे बघायचाही नाही.

माझ्या साक्षीच्या दिवशी डॉक्टरांचाच प्रश्न पुन्हा आला. वकिलाने पढवलेलं उत्तर तोंडात तयार होतं. मी म्हणालो, माझ्या यंत्रात. पत्रा मीच काढायला लावला.

बाहेर आल्यावर मी त्याच्यापुढे हात जोडले. मग त्याची बाही दिसली आणि दोन्ही हात खाली घेतले.

‘‘भाऊ,’’ म्हणालो, ‘‘तुया हात मी तोडला, अन् वरून तुलेच खोटं पाडलं. मले माफ कर.’’