निळ्या भिंतीवर चौक

२०१४ साली मी समुद्रावर कामाला गेलो तेव्हा मला पोहता येत नव्हतं. आजही येत नाही. आमचा पाडा चारोटीच्या पूर्वेला, डोंगरात. तिथे पाणी म्हणजे पावसाळ्यात ओढा आणि उन्हाळ्यात बायकांच्या डोक्यावरचा हंडा. पण भात-नाचणीवर वर्ष निघत नव्हतं, चिकूच्या वाड्यांत दुसऱ्यांची फळं तोडून मान अवघडली होती, आणि गुजरातच्या बोटींना खलाशी हवे होते. तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, त्याने विचारलं, "आधी कुठे केलंय काम?"

"नरपडला. दोन वर्षं," मी ठोकून दिलं. किनाऱ्यावरच्या त्या गावी मी एकदाच गेलो होतो, सुके बोंबील आणायला.

पहिले चार दिवस मी बोटीच्या कडेला लटकून ओकत होतो. तांडेल शेजारी येऊन उभा राहिला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "नरपडला दर्या नाय वाटतं." त्या दिवसापासून बोटीवर मला सगळे 'नरपड' म्हणायला लागले. घर सोडून माणूस नाव कमवायला जातो म्हणतात, ते मी पहिल्याच आठवड्यात कमावलं.

बायको तेव्हा घरात होती, एक मुलगीही होती. लग्न तेवढं राहिलं होतं. आमच्यात हे चालतं. आधी संसार, मग जमेल तेव्हा लग्न. पण लग्न लागायचं तर घरातल्या भिंतीवर चौक लिहावा लागतो. सवाष्णी तांदळाच्या पिठाने देवीचा चौक, म्हणजे चौकोनातलं चित्र, लिहितात, आणि तो पुरा झाल्याशिवाय धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गायला तोंड उघडत नाही. माझी आई चौक लिहिण्यात पाड्यात पहिली. कुणाचंही लग्न असो, तिला बोलावणं यायचं. तिला फक्त एकदा स्वतःच्या घरात, मुलासाठी लिहायचं होतं. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, दुसऱ्याचा भरवसा नव्हता.

"हात चालतोय तोवर उरकून घे, पोऱ्या," ती दर वर्षी म्हणायची.

मी दर वर्षी म्हणायचो, "आधी घर तरी बरं होऊ दे." बोटी मे अखेरीला किनाऱ्याला लागतात, पाऊस जूनमध्ये येतो. खलाशाच्या लग्नाला मधले आठ-दहा दिवसच मिळतात. ते आठ-दहा दिवस मी तीन वर्षं विटा, वाळू आणि गवंड्याच्या मागे घालवले. कुडाच्या भिंती पाडल्या, सिमेंटच्या उभ्या केल्या. वर चारोटीच्या दुकानातून आकाशी निळा ऑइलपेंट आणला. दुकानदार म्हणाला, "ओला कपडा मारला की साफ. काही चिकटायचं नाय याला." मी खूश होऊन एक डबा जास्त घेतला.

आई त्या भिंतीवरून हात फिरवून म्हणाली, "गार लागते." मला ते कौतुक वाटलं.

२०१८ च्या मे अखेरीला लग्न ठरलं. मांडव पडला, माझ्या अंगाला हळद लागली, धवलेरी येऊन बसली. आईने बांबूची काडी पिठात बुडवली आणि भिंतीवर पहिली रेघ ओढली. रेघेचे थेंब झाले आणि थेंब खाली ओघळले. तिने पीठ घट्ट केलं. ते लागलं, वाळलं, आणि अर्ध्या तासात खवल्यासारखं गळून पडलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आईला वाटलं, आपल्या डोळ्याचाच दोष. ती पुन्हा पुन्हा तीच रेघ ओढत होती.

तेव्हा मी, सात समुद्रांचा खलाशी, पुढे झालो. म्हटलं, आधी शेणाने सारवा, मग गेरू लावा, हाय काय त्यात. सारवलं. दुपारच्या उन्हात शेणाचा पोपडा भिंतीवरून अख्खाच्या अख्खा सुटला आणि धवलेरीच्या सुपात पडला. तिने सूप झटकलं.

"तुझ्या घरात देवीला बसायला जागा नाय, पोऱ्या," ती म्हणाली. "मातीची भिंत बघ कुणाची."

मी हळद लावलेला नवरदेव पाडाभर भिंत शोधत फिरलो. कुणी वापीला कारखान्यात, कुणी माझ्यासारखं बोटीवर. ज्याने त्याने बाहेर जाऊन सिमेंट आणलेलं. पोपटी, गुलाबी, सगळ्या धुवायच्या भिंती. कुडाची एकच उरली होती, माझ्या चुलतभावाची. तो कधी कुठे गेला नाही. मी त्याला चार वर्षं चिडवत होतो, "तू इथेच उगवलास, इथेच वाळणार."

त्याने मला बघितलं आणि म्हणाला, "ये रे दादा. माझी भिंत अजून वाळतेय." त्याच्या बायकोने तेवढ्यात शेण कालवायला घेतलं होतं.

चौक तिथे झाला. आईने लिहिला, झाडं, सूर्य, चंद्र, देवी, एकही रेघ न चुकता. पण यजमानीण चुलतभावाची बायको होती. आईला चहा विचारला जात होता, पाहुणीला विचारतात तसा. लिहून झाल्यावर तिने हात धुतले. धवलेरी गायला लागली तेव्हा मी वळून पाहिलं, आई नव्हती. मला पूजेतून उठता येत नव्हतं. पूजा पुरी होईपर्यंत ती निळ्या भिंतीसमोर एकटी बसली होती, असं मुलीने नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी चुलतभाऊ आमच्या ओट्यावर आला. बराच वेळ तंबाखू मळत बसला.

"तांडेलाचा नंबर दे ना," तो म्हणाला. "खलाशी कमी आहेत म्हणालास."

"तू येणार? तुला पोहता येतं?"

"तुला येतं?"

मी नंबर दिला. वर सल्लाही दिला, नरपडचं नाव सांगू नकोस. आई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. नीट दिसत नसल्यामुळे खडे बोटांनी चाचपून काढत होती.

"तुझ्या घरच्या भिंती कधी पाडणार?" तिने त्याला विचारलं.

चुलतभाऊ हसला. "एक-दोन वर्षं जातील, काकी."

"मग तुझ्या पोरीच्या लग्नाचा चौक कुठे लिहू?" तिने मला विचारलं.

मुलगी सहा वर्षांची होती. मी म्हणालो, त्याला खूप वेळ आहे. आईने सूप उचललं आणि आत गेली. जुलै अखेरीला खलाशांना न्यायला बोटीच्या मालकाची गाडी चारोटीला आली. चुलतभाऊ आणि मी एकाच बाकावर बसून गेलो.